सातवा पाठ, चौथे यंत्र

टंकलेखनाच्या वर्गात बोटांना शिकवतात, असा लोकांचा समज आहे. बोटे महिन्याभरात आपापली शिकतात. शिकवावे लागते ते डोळ्यांना, आणि तेही न पाहण्याचे. विद्यार्थ्याने शेजारी ठेवलेल्या मजकुरावर नजर ठेवायची, कळांकडे पाहायचे नाही आणि शेजारणीच्या कागदाकडे तर मुळीच नाही. हे न पाहणे ज्याला जमले त्याला वेग आपसूक येतो. मी मात्र त्या खोलीत इतकी वर्षे बसून दुसरेच काही शिकले. ते कानाचे शिक्षण होते. अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून पाठवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मला आधी काही दिसले नाही, ऐकू आले.

सत्तरचे दशक. भिवंडीत धामणकर नाक्याच्या अलीकडे एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या माडीवर आमचा वर्ग भरे. खाली चोवीस लूम, वर सहा टंकयंत्रे. लूम चालू झाले की जमीन अशी थरथरे, की बशीतल्या चहावर वर्तुळे उमटत आणि ती कधी काठाला पोहोचतच नसत. सुताला लावायच्या खळीचा आंबूस, उबदार वास जिन्यावरून वर येई. सुताचा रुवा हवेत तरंगत राही, दुपारच्या तिरप्या उन्हात सोनेरी दिसे आणि संध्याकाळपर्यंत यंत्रांच्या अक्षरदांड्यांत जाऊन बसे. रोज सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने, रॉकेलचा एक थेंब घेऊन, मी एकेक अक्षर घासत असे. कवितेचा अभ्यास करून एम. ए. झालेल्या बाईला अक्षरांची इतकी जवळून सेवा करायला मिळेल, असे आमच्या प्राध्यापकांनाही वाटले नसावे.

वर्ग सासऱ्यांचा होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून मी दोन महिन्यांपुरती त्या खुर्चीत बसले. पुढे त्यांचे डोळे सुधारले, पण त्यांना दुपारच्या झोपेची गोडी लागली आणि खुर्ची माझ्याकडेच राहिली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे मुले-मुली इंग्रजी टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेची तयारी करायला येत. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. चुकीला गुण कापले जात. समास सरळ नसला, परिच्छेदाची सुरुवात पाच घरे सोडून नसली, पत्रावर संदर्भ आणि विषय नसला तरी कापले जात. म्हणून मी मुलांना शिस्तच लावली होती : पत्र कोणाचेही असो, कसलेही असो, वर विषय, खाली सोबतच्या कागदांची नोंद, आणि प्रत्येक पत्राची कार्बन प्रत वर्गाच्या फायलीत. सहा यंत्रांचे सहा स्वभाव होते. दोन नंबरची घंटी ओळ संपल्यावर वाजे, संपण्याआधी नव्हे. पाच नंबरचा ‘ओ’ कागदाला भोक पाडी. चार नंबरचा लहान ‘ई’ ओळीतून जरासा वर उडी मारी, शाळेच्या रांगेतल्या अवखळ मुलासारखा. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कोणते यंत्र कोण चालवते आहे, हे मला सांगता येई.

वर्गाबरोबर आम्ही बाहेरचे टंकनही करत असू. नाक्यावर इंग्रजी लिहून आणि वाचून देणारी मी एकटीच, त्यामुळे एकाच भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्या टेबलावर येत. नारपोलीचे एक लूममास्टर एकदा आले. शेजारच्या कारखान्याचे खळीचे पाणी त्यांच्या दारात येत होते. म्हणाले, “बहनजी, ऐसा लिखिए कि समझ में न आए, बस डर लगे.” मी तसे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी शेजारचे मास्टर तेच पत्र घेऊन आले आणि ते वाचून दाखवा म्हणाले. मी वाचून दाखवले. ते घाबरले नाहीत, पण भाषेवर खूष झाले आणि याहून जड उत्तर हवे म्हणाले. असा पत्रव्यवहार पावसाळाभर चालला. पुढे दोघांनी मिळून एक नाली खणली, तेव्हा मला क्षणभर वाईटच वाटले, कारण माझी भाषा ऐन बहरात आली होती.

पण सर्वांत जास्त येत ते नोकरीचे अर्ज, आणि प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच असे : ‘इट इज रिलायेबली लर्न्ट दॅट सम पोस्ट्स आर लाइंग व्हेकंट अंडर युवर काइंड कंट्रोल.’ आपल्या कृपाळू अधिकाराखाली काही जागा रिकाम्या पडून असल्याचे विश्वसनीयरीत्या कळले आहे. ज्याच्याकडून हे विश्वसनीयरीत्या कळलेले असे, तो म्हणजे कोणाचा तरी मेहुणा, कोणी चहावाला, किंवा कोणीच नाही. दिवसातून आठ वेळा ते वाक्य ऐकून माझ्या जिभेला खळ चढली. कोणाला काही अवचित कळते, ही केवढी सुंदर घटना. तिला असे सरकारी गोणपाट का नेसवायचे?

कॉलेजात असताना मी एका वहीत इंग्रजी वाक्प्रचार अर्थावारी लावून ठेवले होते. त्यातून योगायोगाने काही कळण्याचे सात निवडले आणि वेगाच्या सरावासाठी त्यांचा एक कागद केला. पुस्तकात सहा पाठ होते, हा सातवा. पहिले वाक्य ‘इट केम टू माय इअर्स’, म्हणजे माझ्या कानांपर्यंत आले. मग ‘आय गॉट विंड ऑफ इट’, वाऱ्यावरून कळले. मग ‘आय स्टंबल्ड अपॉन इट’, चालता चालता ठेच लागली ती त्या गोष्टीचीच. चौथ्यात बातमी द्राक्षाच्या वेलीवरून येते, पाचव्यात एक लहानसा पक्षी येऊन सांगतो, सहाव्यात पिशवीतले मांजर बाहेर पडते. आणि सातवा वाक्प्रचार ‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’, थेट घोड्याच्या तोंडून, म्हणजे ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून.

मुलांना समजावताना माझी मलाच गंमत वाटली. इंग्रजांना बातमी कळायला घराबाहेर पडावे लागते. वारा, वेल, पक्षी, घोडा, वाटेतला दगड. आपल्याला बसल्या जागी कुणकुण लागते, वास येतो, सुगावा लागतो. आपली बातमी नाकाकानांशी येऊन उभी राहते. मी असे काही काव्यमय बोलू लागले की वर्ग नम्रपणे ऐके आणि मनात मिनिटे मोजे.

फक्त एकीने प्रश्न विचारला. “बाई, मांजर पिशवीत घालतातच कशाला?” डुकराचे पिल्लू म्हणून पिशवीत मांजर घालून विकणाऱ्या इंग्रजी बाजारातल्या लबाड विक्रेत्यांची कथा मी सांगितली. ती समाधानाने म्हणाली, “आमच्याकडं त्याला खाडीपलीकडं सोडाया नेतात. घरच्यांच्या आधी परत येतं.”

ही सुमन. मानकोलीच्या पुढे खाडीकाठच्या गावातली. वडील बाळाराम भातशेती करत. शेतातला एक तुकडा लूमच्या शेडसाठी गेला आणि त्या निमित्ताने घराचे तोंड शहराकडे वळले. सुमन मॅट्रिक झालेली, काटक, कमी बोलणारी. तिचे डब्याचे एक रहस्य साऱ्या वर्गाला ठाऊक होते. तांदळाची भाकरी अखंड असली तर ती आईने केलेली, तुकडे असले तर हिने. तिची बोटे कळांवर मात्र अशी पडत, की चार नंबरचा उडाणटप्पू ‘ई’सुद्धा तिच्या हाताखाली निम्मी उडी घेई. दोष एकच, डाव्या समासात एखादी ओळ निसटायची. मी लाल पेन्सिलीने तिथे रेघ मारी. अकरा महिने मारत होते.

सातवा पाठ सुरुवातीला फारसा कोणी मनावर घेतला नाही. मग विठ्ठल नावाच्या एका हुशार मुलाने ठाण्याच्या एका कारखान्याला अर्ज केला आणि विश्वसनीय वाक्य काढून त्या जागी पाचवे घातले : एका लहानशा पक्ष्याने मला सांगितले की आपल्याकडे जागा रिकामी आहे. त्याला भेटीला बोलावणे आले. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, कोणता पक्षी. विठ्ठल म्हणाला, “चिमणी, साहेब. मोठा पक्षी असता तर स्वतःच अर्ज केला असता.” त्याला नोकरी लागली. त्या दिवसापासून सातवा पाठ शुभ ठरला. परीक्षेला जाताना मुली तो मनात म्हणत.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी सुमन खुर्चीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की पुढच्या महिन्यापासून ती येणार नाही. लग्न ठरले होते. हळद परीक्षेच्या दहा दिवस आधी, आणि सासरच्यांचे म्हणणे होते की त्यानंतर भिवंडीची खेप नको. चाळीसच्या परीक्षेचा तिचा अर्ज भरून झालेला होता. ही परीक्षा झाली की ठाण्याच्या एका कचेरीत तिला घेण्याचे जवळजवळ पक्के होते. ती सांगत होती तेव्हा खाली लूम चालू होते, वर चार यंत्रे चालू होती आणि मी कोणाची तरी पाने तपासत होते. मी तिचे अभिनंदन केले. मग म्हणाले, निदान जायच्या आधी तो डावा समास सुधार.

ती “हो बाई” म्हणाली आणि चार नंबरवर जाऊन बसली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, जिन्यावर दोन जोड वहाणा वाजल्या. पुढे होते ते नियोजित वराचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणत. पांढरे धोतर, काळी टोपी, कानात भिकबाळी. खाडीकाठी त्यांच्या जमिनी होत्या आणि त्यांवर तीन शेड उभ्या होत्या. मागे बाळाराम, चेहरा उतरलेला. तात्यांनी टोपीतून चार घड्यांचा कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

“टपालानं आलाय. इंग्रजी हाय. गावात कोनाला येत न्हाय, आनी आला तरी मी गावात वाचून घेनार न्हाय. पोस्टमन बोलला यात पोरीचं नाव हाय, म्हनून तिच्या बापूसला संगं आनला. काय हाय ते त्याच्या म्होरंच वाचा.”

बाळारामने खोलीत एकदा पाहिले. सुमन पाठमोरी, मान ताठ, टंकन करीत होती.

मी कागद उलगडला. माझ्या मनात आलेला पहिला विचार मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. समास सरळ आहे, हा तो विचार. डावा, उजवा, वरचा, खालचा, सगळे सुतात. परिच्छेद पाच घरे सोडून. हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. पत्र निनावी होते, परंतु त्याला संदर्भ क्रमांक होता. खाली ‘विषय : विवाह’ असे मोठ्या अक्षरांत, अधोरेखित. शेवटी ‘आपला हितचिंतक’ आणि त्याखाली, शिस्तीप्रमाणे, ‘सोबतचे कागद : नाही’.

मग मला तो ‘ई’ दिसला. ओळीतून जरासा वर.

चार नंबर दिवसभरात पाच जण वापरत. मला वाटले, माझ्याच वर्गातल्या कोणीतरी या मुलीवर डूख धरला आहे. आता वाचून दाखवले तर हिचे नाव जाणार आणि हे इथून निघाले असे कळले तर उद्यापासून एकही बाप आपली मुलगी हा जिना चढू देणार नाही. तात्या म्हणाले, “वाचा, बाई.” मी पहिले वाक्य इंग्रजीत वाचले : ‘इट हॅज कम टू माय इअर्स…’

चार नंबर थबकले. मग पुन्हा सुरू झाले.

“माझ्या कानांवर आले आहे,” मी मराठीत सांगितले, “की ही मुलगी झोपेत चालते.”

बाळाराम म्हणाला, “कोन? आमची?”

तात्यांनी हात वर करून त्याला थांबवले. “चालू द्या. आमची आय झोपंतच पानी भराची. सकाली उठून बगते तं हंडं भरलेले.”

दुसरे वाक्य वाऱ्याचे होते. मला वाऱ्यावरून कळले आहे की तिच्या हातची भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोडते. तात्या म्हणाले, भाकरी मोडली तरी पोटात जाऊन मोडायचीच होती. तिसरे ठेचेचे. चालता चालता मला ठेच लागली ती या गोष्टीची, की मुलीचा राग वाईट आहे आणि एकदा तिने भाताचे भरले पातेले विहिरीत टाकले. तात्यांनी बाळारामकडे पाहिले. बाळाराम हळूच म्हणाला, रिकामे होते, आणि पडले होते.

इथवर आल्यावर माझ्या ध्यानात आले की मी पुढचे वाक्य न वाचता सांगू शकते. कान, वारा, ठेच. आता वेल येणार. वेल आली. द्राक्षाच्या वेलीवरून समजले की मुलीची नजर अधू आहे. हे पत्र म्हणजे माझा सातवा पाठ होता, त्याच क्रमाने, स्वल्पविरामांसकट. मी मान वर केली. चौघी जणी टंकन करीत होत्या. तिघींची मान आमच्याकडे वळली होती आणि बोटे भलतीकडे पडत होती. सुमन मात्र समोरच्या कागदाकडे पाहत होती, कळांकडे नाही, आमच्याकडे नाही. जवळच्या खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. मी पाचवे वाक्य उच्चारण्याआधी तिच्या ओठांनी ते म्हटले.

तेव्हा मला कळले. कसे कळले यासाठी सातांपैकी एकही वाक्प्रचार पुरेसा नाही.

माझ्या हातात तो कागद होता आणि समोरच्या दोघांना त्यातले एक अक्षरही येत नव्हते. मी हवे ते सांगू शकत होते. हे अभिनंदनाचे पत्र आहे म्हटले असते, तर तात्या समाधानाने खाली उतरले असते, दहा दिवसांत हळद लागली असती आणि वर्गाची अब्रूही राहिली असती. भाषांतर करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे मी कवितेच्या वर्गात शिकले होते. तिचे वजन त्या दुपारी कळले. काचेतल्या त्या चेहऱ्याने पापणी लवू न देता माझ्याकडे पाहिले. पुढे वाचा, असे.

मी पुढे वाचले. “एका लहानशा पक्ष्याने मला सांगितले की या मुलीला मासळीचा वास सहन होत नाही.”

झोपेत चालणे, अधू नजर, राग हे सारे शांतपणे ऐकणारे तात्या पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. “मासली न्हाय खात?”

“खातं,” बाळाराम कळवळून म्हणाला. “परवाच निवट्या खाल्ल्या. कालवनाचा टोप पुसून खाल्ला. कोन मेला ह्या लिवतं, तात्या, मी शपत घेतो.”

तात्या पुन्हा मागे टेकले. मग म्हणाले, “बरा. आनी काय?”

सहाव्यात मांजर पिशवीतून बाहेर पडले. म्हणजे हे सारे दडवून ठेवले होते ते मी सद्भावनेने उघड करीत आहे. मग सातवे आले. मी ते आधी मनात वाचले. बाकीच्या सहा वाक्यांत जे लटके होते ते या एका वाक्यात नव्हते. सांगितले तर बापाला समजेल की हे घरातूनच निघाले आहे. न सांगितले तर हा सारा उद्योग वाया. मी श्वास घेतला आणि आहे तसे सांगितले :

“थेट घोड्याच्या तोंडून मला कळले आहे की, परीक्षा देऊन नोकरी करण्याआधी या मुलीची लग्नाची इच्छा नाही.”

“घोरा कुठला?” बाळाराम म्हणाला.

मी समजावले. घोडा विकणारा वयाबद्दल खोटे बोलेल, पण घोड्याचे दात खोटे बोलत नाहीत. म्हणून तोंड उघडून बघायचे. ज्याची गोष्ट त्याच्याकडूनच, असा अर्थ.

“आमीबी बैलाचं दातच बगताव,” तात्या म्हणाले.

खाली लूम चालू होते. वर तीन यंत्रे अडखळत चालली होती. त्या सगळ्या गलबल्यात तात्यांनी मान किंचित तिरपी केली. ज्यांनी लूमच्या शेडमध्ये आयुष्य काढले आहे त्यांच्या कानाची एक रीत असते. चोवीस चालू असताना त्यांना एकही वेगळा ऐकू येत नाही. एक थांबला की तेवढाच ऐकू येतो. चहा पिता पिता ते मागे न बघता म्हणतात, सातवा बंद आहे, धागा तुटला असेल.

तात्या मागे न बघता म्हणाले, “बाई, तुमचा चार नंबर बंद पडलाय.”

त्यांनी बाळारामला खाली जाऊन चहा सांगायला लावले. तीन सांग, आणि माझ्यात साखर कमी, ती कशी कमी घालतो ते उभा राहून बघ. बाळाराम गेला. तात्या उठले, चार नंबरपाशी गेले आणि यंत्राकडे पाहत उभे राहिले, जसे लूमकडे पाहतात.

“परीक्षा कवा हाय?”

सुमनने सांगितले. आवाज इतका लहान होता की मला तो ऐकू आला नाही, नुसता दिसला.

“पोरी, निनावी कागदाला मी जबाब देत न्हाय,” तात्या म्हणाले. “नाव टाकून लिव. आत्ता. बापूस चहा घेऊन वर येयाच्या आत.”

सुमनने नवे कागद घातले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि बाहेर पाहू लागले. न पाहण्याचे शिक्षण मीच देत होते; ते त्या दिवशी मला पाळायला फार जड गेले. पण कान कुठे बंद करणार? चाळीसचा वेग नव्हता. एकेक अक्षर पडत होते, पिंपातून थेंब पडावा तसे. ओळ, घंटी, गाडी मागे. ओळ, घंटी, गाडी मागे. सात वेळा. मग रूळ फिरल्याचा आवाज, कागद ओढल्याचा आवाज. मी वळले तेव्हा तात्यांनी घडी करून तो टोपीत ठेवला होता आणि बाळाराम तीन पेले सांभाळत जिना चढत होता. चहा निवांत झाला. बोलणे सारे भाताच्या भावाचे.

आठवड्याभरात तात्यांचा निरोप गेला : आमच्या पोराची अजून तयारी नाही, मुलीत काही खोट नाही, रोष नसावा. गावात चार लोक त्यांच्या पोरालाच नावे ठेवू लागले. सुमनने परीक्षा दिली, चाळीसला पहिल्या वर्गात आली, ठाण्याच्या कचेरीत लागली. पुढे काही वर्षांनी तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचे लग्न झाले आणि त्याला स्वयंपाक उत्तम येतो, असे तिने मला पत्राने कळवले. वर विषय घालून.

तात्या मध्यंतरी एका सरकारी अर्जासाठी आले होते. मी धीर करून विचारले, त्या दिवशीचे दुसरे पत्र त्यांनी कोणाकडून वाचून घेतले. ते म्हणाले, “न्हाय घेतला वाचून. तुमचा लूम थांबला तवाच समजला. कागूद तिच्या धीरासाठी लिवून घेतला.”

माझे समाधान झाले नाही. शिक्षिकेचे होत नसते. अकरा महिने ती मुलगी माझ्यापासून चार हातांवर बसत होती. मी तिला काही कळले हे सांगण्याच्या सात तऱ्हा शिकवल्या आणि नको आहे हे सांगण्याची एकही नाही. तिला बोलायचे होते तेव्हा मी समास तपासत होते. म्हणून तिने माझाच पाठ उचलला, जो हाताशी होता तो. त्यानंतर मी आठवा पाठ तयार केला, नम्रपणे नकार देण्याच्या वाक्यांचा. तो वर्गात कधीच लोकप्रिय झाला नाही. एकदा भेटायला आलेला विठ्ठल म्हणाला, बाई, याने कोणाला नोकरी लागत नाही.

पुढच्या पावसाळ्यात जिन्यातल्या फळीवर ओल आली म्हणून मी जुन्या फायली उन्हात टाकायला काढल्या. यंत्रांच्या दुरुस्तीचा एक कागद शोधत होते. हिवाळ्याच्या फायलीत, ज्या त्या तारखेच्या जागी, नीट भोके पाडून लावलेली एक कार्बन प्रत हाती आली : ‘विषय : विवाह’. मला हसू आवरेना. निनावी पत्राची कार्यालयीन प्रत. शिस्त म्हणजे शिस्त. पत्र टाकायला पोस्टात जाण्याआधी ती उठून फायलीपाशी आली असणार आणि मी तेव्हाही कोणाची तरी पाने तपासत असणार.

आणि तिच्या मागे दुसरी प्रत होती. कार्बनची जांभळी अक्षरे ओलीने थोडी पसरली होती. सात ओळी. त्यात पक्षी नव्हता, वारा नव्हता, घोडा नव्हता. त्या ओळींचा अर्थ असा :

‘माननीय तात्या, आधीचे पत्र मीच लिहिले. मी झोपेत चालत नाही. नजर चांगली आहे. मासळी मला आवडते. भाकरीचे मात्र खरे आहे. मला परीक्षा देऊन नोकरी करायची आहे, आणि आत्ता लग्न करायचे नाही. माझ्या वडिलांवर रागावू नये.’

खाली पूर्ण नाव, आणि ‘सोबतचे कागद : नाही’.

हे पत्र ज्याला लिहिले त्याने ते वाचले नव्हते, आणि जिने वाचायला नको होते तिने खाली बसून दोनदा वाचले. खाली लूम चालू होते. मी टेबलापर्यंत जाऊन लाल पेन्सिल घेतली, समासाच्या कोपऱ्यात ‘चुका : शून्य’ असे लिहिले, आणि कागद परत त्याच्या तारखेच्या जागी लावून ठेवला.